दारू सोडण्याच्या बैठकांची वेळ ‘आजचे कार्यक्रम’मध्ये छापा

मा. संपादक,

भजन कुठे, नाटक कुठे, रक्तदान शिबिर कुठल्या सभागृहात, हे सगळे वर्तमानपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरात सापडते. दारू सोडू पाहणाऱ्याला मात्र आज संध्याकाळी कुठे जाऊन बसायचे ते तिथे मिळत नाही. गोव्यात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या ‘एए’ गटांच्या बैठका होतात. त्या शोधताना माणसे वाटेतच गळतात, म्हणून हे पत्र.

बहुतेक बैठका मागून घेतलेल्या जागेत भरतात. शाळेची परीक्षा किंवा चर्चचा कार्यक्रम आला की जागा बदलते. भिंतीवरचा कागद आणि इंटरनेटवरची यादी जुनीच राहते. महिनाभर मन घट्ट करून निघालेला माणूस कुलूप लावलेल्या दारापाशी पोचतो, आणि समोरच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात, दिवा लागलेला असतो. तो पुन्हा येईल याची खात्री कोणी द्यावी?

म्हणून निघण्याआधी त्याच दिवशी गटाला फोन करावा. आज बैठक आहे का आणि जागा तीच आहे का? आत जायचे दार कुठले? (शाळेचे पुढचे फाटक संध्याकाळी बंद असते.) बोलणे कुठल्या भाषेत होते? मराठी माणूस कोकणी बैठकीत सहज रमतो, इंग्रजीत मात्र पहिल्याच दिवशी अवघडून बसतो. बैठक खुली की बंद? बंद बैठक फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. नवऱ्याबरोबर आलेल्या बायकोला तिथे बसता येत नाही. तिच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हा घरच्यांचा वेगळा गट आहे, आणि नवरा यायला तयार नसला तरी ती एकटी तिथे जाऊ शकते. शेवटी, फाटकापाशी कोणी भेटेल का तेही विचारावे. ओळखीचा एक आवाज असला की पाय उंबरा ओलांडतो.

परतीची बस आधी बघा. सातची बैठक साडेआठला सुटली तर पेडणे किंवा सत्तरीच्या आतल्या गावांना जायला काही उरत नाही. गावात कोणी ‘बेबदो’ (दारुडा) म्हणेल या भीतीने घरात बसण्यापेक्षा शेजारच्या तालुक्यातली बैठक धरावी. डिचोलीच्या माणसाने म्हापशाला जाण्यात काहीच वावगे नाही. बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटे जाणे जड जाते. तिने एखादी बाई तिथे असते का ते आधी विचारावे; ऑनलाइन बैठकाही असतात.

फोनवरचा माणूस खाटा, भरती आणि दरमहा खर्च बोलू लागला तर तो गट नव्हे, व्यसनमुक्ती केंद्र आहे. केंद्राचीही गरज पडते, पण दोन्हींची गल्लत नको. एएच्या बैठकीला फी नसते आणि हजेरीपटही नसतो. शेवटी डबा फिरतो, त्यात घालायची सक्तीही नाही. अट एकच: दारू सोडण्याची इच्छा.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने बैठकीला जायचे म्हणून एका रात्रीत बाटली बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर दोन-तीन दिवस भास, बरळणे आणि ताप. हे जिवावर बेतते. आधी डॉक्टर, मग बैठक. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. फिट आली तर थेट 108. जेवणात गुपचूप दारू सोडवण्याच्या गोळीची पूड मिसळणे घरच्यांनी आजच थांबवावे. डायसल्फिराम या गोळीवर दारू पडली की रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. माहीत नसलेला माणूस त्यावर बिनधास्त पितो. गोळी त्याच्या हातात, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच जावी.

पहिल्या बैठकीत काही जुळले नाही म्हणून सोडू नये. दोन-तीन गटांत मिळून पाच-सहा बैठका बसून पाहाव्यात. बोलणे सक्तीचे नाही, ऐकले तरी चालते. मार्च ते मे उर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे, दिवस. काजूच्या बागेत आणि लग्नाघरी ग्लास आपोआप पुढे येतो. त्या दिवसांत आठवड्याला एक बैठक कमी पडते. गटातल्या दोघांचे फोन नंबर खिशात असावेत आणि फोन पहिल्या घोटाआधी करावा, नंतर नव्हे.

नावे बाहेर येतील, ही शंका आम्हांला ठाऊक आहे. एएत गुप्त ठेवायचे ते माणसाचे नाव. जागा आणि वेळ नव्हे. गटाकडून आलेली एक ओळ पुरे: वार, वेळ, गाव, इमारत व दार, भाषा, खुली की बंद, फोन. सोबत 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आणि 14416 ही टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेची. दर महिन्याला गटाकडून होकार घ्यावा. होकार आला नाही तर ती ओळ काढून टाकावी, कारण चुकीची ओळ छापून येणे न छापण्यापेक्षा वाईट. ही सोय आपण येत्या महिन्यापासून सुरू करावी, ही विनंती.

— व्यसनमुक्तीच्या कामातील काही वाचक, फोंडा