खापर एकट्या ब्राइस यंगवर नको

संपादक महोदय,
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या कॅरोलिना पँथर्स टीमच्या २०२३ च्या सीझनवरचा तुमचा लेख वाचला, १७ पैकी फक्त २ मॅच जिंकल्या हे खरंच आहे पण त्याचं सगळं खापर क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ब्राइस यंगवर फोडलंय ते अजिबात पटलं नाही. पोरगा २२ वर्षांचा, पहिलाच सीझन आणि त्याला वाचवणारी पुढची लाइन इतकी कच्ची की त्याला ६२ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकण्याआधीच पाडलं, बॉल फेकायला वेळ तरी कुठे मिळत होता!

खरा दोष मालक डेव्हिड टेपर यांच्या उतावळेपणाचा आहे. २०१८ मध्ये टीम घेतल्यापासून रिव्हेरा, रूल आणि राइक हे तिन्ही हेड कोच त्यांनी सीझन चालू असतानाच काढले, राइकला तर ११ मॅचमध्येच नारळ दिला. मग नवख्या क्वार्टरबॅकने शिकायचं कुणाकडून? त्यात यंगला घेण्यासाठी डीजे मूरसारखा भरवशाचा रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) शिकागोच्या टीमला देऊन टाकला, वर २०२४ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिल्या राउंडचा पिकसुद्धा (निवडीचा हक्क), म्हणजे एवढं हरूनही, सगळ्यात जास्त हरणाऱ्या टीमला मिळणारा ड्राफ्टमधला पहिला नंबर शिकागोलाच गेला. हे निर्णय काय यंगने घेतले होते? लेखात टेपर यांचं नावसुद्धा नाही, ते यायलाच हवं होतं.

- पँथर्सचा एक चाहता