हिच्या बाबांना आत बोलावल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

माझी पाच वर्षांची लेक आता पूर्ण बरी आहे, हे कळवायला एक फोन पुरला असता. परंतु तुम्ही आमच्यासाठी जे केलेत ते इतर आईवडिलांच्याही वाचनात यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आषाढात तिच्या चड्डीवर रक्ताचे डाग दिसले आणि लघवीच्या जागी लालजांभळा, मऊ गोळा दिसला, तेव्हा माझ्या हातापायांतले बळच गेले. आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे एकांनी पाळी लवकर आली असेल म्हटले, दुसऱ्यांनी गाठीची शंका काढली, आणि नीट तपासण्याआधीच, भरल्या ओपीडीत, रांगेतल्या बायकांच्या कानावर जाईल अशा आवाजात "घरात पुरुषमाणसे कोण कोण?" असे विचारले. मासेमारीबंदीचे दिवस होते. होडी शाकारून माझे यजमान घरीच होते आणि लेकीचे सारे तेच करत होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी तिला कडेवर घेणे सोडले. तो प्रश्न विचारूच नये, असे मी म्हणत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी शंका आल्यास कळवणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण आधी मुलीला नीट पाहायला नको का?

तुम्हीही तो प्रश्न विचारलात, मात्र मला एकटीला, हळू आवाजात. पडदा ओढून, तिला विचारून, माझ्या मांडीवर बसवूनच तपासलेत. गोळा कड्यासारखा गोल आहे आणि लघवीचे छिद्र त्याच्या बरोबर मधोमध आहे, एवढ्यावरून तुम्ही निदान केलेत: मूत्रमार्गाचे आतले अस्तर बाहेर आले होते.

मग तुम्ही म्हणालात, "हिचे बाबा कुठे आहेत?" ते व्हरांड्यात गळती छत्री धरून उभे होते. तुमच्याही दाराशी रांग होतीच, तरी तुम्ही स्वतः उठून त्यांना आत आणलेत, खुर्ची दिलीत, आणि चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून, सदऱ्याच्या बाहीचे अस्तर उलटून बाहेर यावे तसे हे आहे, असे त्यांनाच समजावलेत. या वयात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असल्याने ती जागा नाजूक असते, त्यात तिचा लांबलेला खोकला आणि शौचाला कुंथणे; "यात तुमचा कोणाचाच दोष नाही," असे तुम्ही त्यांच्याकडे पाहून म्हणालात. लेक माझ्या मांडीवरून उतरून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. त्यांनी तिला धरले. मॅडम, मला त्या क्षणी रडू आले ते आजाराच्या भीतीने नव्हे.

कोमट पाण्यात बसवणे, इस्ट्रोजेनचे मलम, पोट साफ राहील असा आहार, एवढ्यावर तिसऱ्या आठवड्यात गोळा ओसरला. भाग काळा पडला किंवा लघवी अडली तर लगेच या, शस्त्रक्रिया करावी लागेल, हे तुम्ही बजावले होते; ती वेळ आली नाही. माणसाची अब्रू राखून त्याला बरे करता येते, हे मी तुमच्याकडे पाहिले, आणि ज्यांच्याकडे आधी गेलो त्यांनीही ते पाहावे असे मला मनापासून वाटते.

नारळी पौर्णिमेला यजमान लेकीला खांद्यावर घेऊन बंदरावर नारळ सोडायला गेले. तुमच्या चित्राची चिठ्ठी त्यांनी होडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

आपली ऋणी,
देवगड तालुक्यातील एक आई