आधी वर्कबेंच, मग बाकी सगळं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या घरी सुतारकाम शिकवणारं सदर येतं ते मी अगदी आवडीने वाचतो, पण शेल्फ झालं, फोटोफ्रेम झाली, चपलांचा रॅक झाला, तरी हे सगळं ज्याच्यावर करायचं त्या वर्कबेंचबद्दल अजून एक ओळ आलेली नाही. फोटोत मात्र कायम जेवायच्या टेबलावर पेपर पसरून करवत चालवलेली दिसते, म्हणून हे पत्र लिहितोय.

नवीन शिकणारा माणूस आधी लाकूड तासून सपाट करायचा रंधा आणतो, लाकूड कोरायची पटाशी आणतो, ड्रिल आणतो आणि घरातल्या टेबलावर फळी ठेवून रंधा मारायला घेतो. फळी सरकते, टेबल करकरतं, रंधा अडकत अडकत चालतो आणि त्याला वाटतं आपल्या हाताला हे काम जमणारं नाही. अहो, हाताचा दोष नसतो, टेबलाचा असतो. टेबल बनवलेलं असतं वरून पडणारं वजन पेलायला, आणि रंध्याचा जोर असतो आडवा, अख्ख्या अंगाचा रेटा पुढे जातो, त्यामुळे टेबलाचे पाय सांध्यात तिरके व्हायला लागतात आणि तुमचा बराचसा जोर टेबल हलवण्यातच जातो. पटाशीचं तर त्याहून वाईट. काम घट्ट धरलेलं नसेल तर एका हाताने लाकूड धरावं लागतं, तो हात नेमका पात्याच्या पुढे येतो, आणि पटाशी घसरली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोन्ही हात पात्याच्या मागे हवेत, आणि ते शक्य व्हायचं तर लाकूड बेंचने धरायला हवं.

बेंच म्हटलं की लोकांना वाटतं महागडं लाकूड हवं, मुरलेला सुतार हवा. तसं काही नाहीये. साधं, नीट वाळलेलं पाइनचं लाकूड चालतं, फक्त जाडीत कंजुषी करू नका. फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, हे गणित लक्षात ठेवलं तरी पुरे. वरचा भाग निदान तीन इंच जाड हवा, म्हणजे पटाशीवर घाव घातला तरी बेंच उसळत नाही. एकसंध जाड लाकूड मिळालं नाही तर अरुंद पट्ट्या उभ्या करून शेजारी शेजारी सरसाने चिकटवायच्या आणि क्लॅम्प लावून रात्रभर तसंच ठेवायचं.

आता पाय, बेंचची खरी परीक्षा इथेच असते. सगळ्यांना भीती असते ती पाय एकमेकांना जोडणारी आडवी पट्टी बसवायला खोल खाच पाडायची, पण ती टाळता येते. पाय दोन थरांचा करायचा. बाहेरची फळी पूर्ण उंचीची, आणि तिला आतून चिकटवायचे दोन तुकडे, एक खाली, एक वर, मधे बरोबर आडव्या पट्टीच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवायची. सरस वाळला की खाच आपोआप तयार झालेली असते, पट्टी त्या जागेत खालच्या तुकड्यावर टेकते, तिथे सरस लावून वरून बोल्ट आणि मोठे वॉशर घालायचे. ही पट्टी पाच-सहा इंच रुंद घ्या कारण सांधा जितका रुंद तितकं आडवं हलणं कमी, दीड-दोन इंचाची पट्टी शोभेलाच. आणि नुसत्या खिळ्यांवर अजिबात विसंबू नका, सतत आडवा धक्का बसला की ते ढिले होतातच. बोल्टही लाकूड सुकलं की सैल पडतात, म्हणून ऋतू बदलला की पाना फिरवायचा.

अजून एक गोष्ट हमखास सुटते. पुढचे पाय वरच्या फळीच्या पुढच्या कडेशी अगदी सपाट आले पाहिजेत, आत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या रूबो या सुताराने जो बेंच नोंदवून ठेवलाय त्यातही हीच रचना आहे, आणि कारण साधं आहे, लांब दरवाजाची कड घासायची तर तो पायालाही क्लॅम्प करता येतो. वरची फळी बसवताना पुढे बोल्ट पक्के घ्या पण मागच्या बाजूला भोक लांबट ठेवा, कारण लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, दोन्हीकडे जखडलं तर कधीतरी तडकणारच.

उंची सरळ उभं राहून खाली सोडलेल्या हाताचं मनगट जिथे येतं तेवढी, बहुतेकांना ३२ ते ३६ इंचात बसते, रंधाच जास्त मारणार असाल तर थोडी कमी. सपाटी बघायला दोन सरळ पट्ट्या बेंचच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एकीवरून दुसरीकडे एक डोळा मिटून बघायचं, कडा समांतर दिसल्या नाहीत तर बेंचला पीळ आहे, तो रंध्याने काढायचा. शिकंजा, म्हणजे लाकूड आवळून धरणारा वाइस, नंतर आणला तरी चालेल, सुरुवातीला एका टोकाला फळी अडवायला लाकडी अडणी आणि काम धरणाऱ्या खुंट्या घालायला १९ मिलिमीटरची काही भोकं एवढ्यावर भरपूर काम निघतं. वर चकचकीत पॉलिश मात्र नको, काम सरकतं, पातळ तेलाचा एक हात पुरतो.

पहिला बेंच बनवायचा तो कशावर, हा प्रश्न येतोच. दोन भक्कम स्टुलांवर किंवा सरळ जमिनीवर बनवा, थोडं वाकावं लागेल पण होतो. तर विनंती अशी की पुढचे दोन-तीन रविवार या सदरात पायाच्या सांध्याची मोठी, मापं घातलेली आकृती द्या, आणि तोपर्यंत जेवायच्या टेबलावरच्या करवतीचे फोटो तेवढे थांबवा.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक