धारणीहून पत्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला, तेव्हाच समजलं मला. म्हणून लिहून राहिले.

नागपूरच्या दवाखान्याला मी नकार कळवला आणि इथं रुजूही झाले. रागवा, पण पूर्ण वाचून रागवा.

तिकडे पगार जास्त होता, मामाचं घर जवळ होतं, सगळं खरं. पण तिथं मी नसले तर माझ्या जागी दुसरी नर्स उभी राहते. इथं नाल्याला पूर आला की गाडी पलीकडेच थांबते आणि बाळाजवळ असते ती गावातली आशा सेविका. तिला नीट शिकवायचं, हेच माझं काम. बाबा, गडचिरोलीच्या बंग डॉक्टरांचं कौतुक तुम्हीच करायचे नं? त्यांनी ३९ गावांतल्या बायांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तसं काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे मी काही वेडेपणा करत नाही.

काल वर्गात बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. पोटाकडे बघायचं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. एक पोरगी अर्धाच मिनिट मोजून दुप्पट करायला निघाली. हुशार आहे, पण तान्हं बाळ मध्येच थांबतं, मग भरभर श्वास घेतं. अर्ध्या मिनिटाचा हिशेब चुकतो. ६० किंवा वर आले तर पुन्हा मोजायचे, परत तेवढेच आले तर थेट दवाखाना. मग म्हटलं, हेच बाळाच्या आजीला इथल्या कोरकू बोलीत पटवून दाखव. आजीचं सोंग घेतलेल्या बाईने असा काही हट्ट धरला की मला निम्मं कळलं नाही तरी घाम फुटला!

३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशा घरी जाते. बाळंतपण घरीच झालं तर पहिल्या दिवशीही. आई, त्या दिवाळीत आपल्या घरी असं कोणी आलं नव्हतं. एवढंच. तू यावर बोलू नको, मीही नाही बोलत.

माझी काळजी नको. खोली पक्की आहे, मच्छरदाणी आहे, पाणी उकळून पिते. डब्यात भाकर आणि बेसन असतं. तुझ्या हातच्या ठेच्याची सर नाही, म्हणून येणाऱ्याजवळ बरणी पाठवजा. ताप आला की तू कपाळावर पदर ओला करून ठेवायची, तसं इथं कोणी नाही, पण ताप यायचाच नाही मला.

आता ऐका. बाबा, शुगर असताना वावरात अनवाणी जायचं नाही, आणि रोज रात्री आईकडून तळपाय बघून घ्यायचे. फवारणीला तर अजिबात नाही, माणूस लावा, पैसे मी पाठवते. आई, खाली बसून धुणं बंद. गुडघे तुझे आहेत, सुनेचे नाहीत. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी दादाला सांगायचं, संपल्यावर नाही. आपल्या गावची आशाताई आली की दारातूनच बोळवू नका, बसवा, चहा द्या, बीपी मोजून घ्या.

पोळ्याला येते. अमरावतीहून रात्रीची गाडी मिळाली तर पहाटे पोचेन, फाटकाला कुलूप लावू नका.

तुमची,
ताई