मुंबईच्या औषधरोधी क्षयरोगाची जनुकीय वंशावळ वाचायला हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते: रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, म्हणून जंतू औषधांना पुरून उरतात. हे वाक्य खोटे नाही, पण मुंबईसारख्या शहरात ते अपुरे आहे. क्षयरोगाची एकही गोळी ज्यांनी आयुष्यात घेतलेली नाही, अशा माणसांच्या बेडक्यातही औषधरोधी जंतू सापडतात. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६० टक्के, तर नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के रुग्णांना बहुऔषधरोधी क्षयरोग, म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा रोग, असल्याचे आढळले. दुसरा आकडा लहान दिसतो. परंतु देशात दरवर्षी वीस लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात असताना तो हजारोंच्या घरात जातो. या माणसांनी काहीही अर्धवट सोडलेले नाही. त्यांनी फक्त कुठेतरी श्वास घेतला आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात घडलेला रोधी जंतू तयार स्वरूपात त्यांच्याकडे आला. त्यांना बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे आहे, आणि शहराच्या आरोग्यधोरणासाठी दिशाभूल करणारेही आहे.

औषधरोध कसा घडतो, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. इतर अनेक जीवाणू एकमेकांकडून औषधरोधाची जनुके उसनी घेतात. क्षयाचा जंतू तसे करत नाही. त्याचा औषधरोध त्याच्या स्वतःच्या जनुकक्रमात झालेल्या चुकांतून, म्हणजे उत्परिवर्तनांतून येतो. सुमारे ४४ लाख अक्षरांचा हा जनुकक्रम १९९८ मध्ये प्रथम संपूर्ण वाचला गेला. त्यातले एखादे अक्षर बदलले की एखादे औषध निकामी होऊ शकते. असे बदल आपोआप होत असतात: ढोबळमानाने दहा लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिनला दाद न देणारा निघतो. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या शरीरात जंतूंची संख्या सहज कोटींच्या घरात असते, त्यामुळे एकच औषध दिले तर रोधी जंतू मागे उरून वाढणार हे गणितानेच ठरलेले असते. स्ट्रेप्टोमायसिन हाती आले तेव्हा, १९४० च्या दशकात, हा अनुभव आला आणि तेव्हापासूनच अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत पडली.

यापुढची गोष्ट मात्र सामान्य वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचते. रिफाम्पिसिनला रोध देणारा बदल ‘आरपीओबी’ नावाच्या जनुकात होतो आणि सुरुवातीला तो जंतूला काहीसा दुबळा करतो, कारण हेच जनुक जंतूच्या दैनंदिन जगण्यालाही लागते. म्हणून एके काळी असा समज होता की रोधी जंतू फारसे पसरणार नाहीत. परंतु काही जंतूंत ‘आरपीओसी’सारख्या शेजारच्या जनुकात दुसरा बदल होतो आणि गमावलेली ताकद भरून निघते. मग रोध तर कायम राहतोच, शिवाय पसरण्याची क्षमताही परत येते. असा वाण एकदा तयार झाला की त्याला पुढच्या रुग्णाने औषध चुकवण्याची गरज उरत नाही. त्याला गर्दी आणि कोंदट हवा पुरते. शहरातल्या रोधाचा किती भाग रुग्णांच्या शरीरात नव्याने घडतो आणि किती भाग तयार वाणांच्या प्रसारातून येतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर जंतूंचे जनुकक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मिळत नाही. हा जंतू सावकाश बदलतो. दोन वर्षांत साधारण एखादे अक्षर. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल, तर त्यांच्यात अलीकडच्या काळातील संसर्गाचे नाते असण्याची दाट शक्यता असते.

माणसांत आढळणाऱ्या क्षयजंतूंच्या चार मोठ्या वंशशाखा आहेत. पहिली हिंदी महासागराच्या काठांवर आणि दक्षिण भारतात, दुसरी पूर्व आशियात, तिसरी उत्तर भारतात आणि मध्य आशियात अधिक सापडते, तर चौथी जगभर पसरलेली आहे. मुंबई हे बंदर आहे आणि देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून माणसे इथे येऊन राहिली आहेत, त्यामुळे या चारही शाखा इथे नांदतात. दुसऱ्या शाखेतील ‘बीजिंग’ या नावाने ओळखले जाणारे वाण औषधरोधाशी वारंवार जोडलेले आढळतात. मुंबई महानगर प्रदेशातील अठराशेहून अधिक बहुऔषधरोधी नमुन्यांचे जनुकक्रम वाचून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की त्यांत याच दुसऱ्या शाखेचे वर्चस्व आहे आणि फ्लोरोक्विनोलोन गटातील (लेवोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारख्या) औषधांना असलेल्या रोधाचे मोठे प्रमाण तिच्यातील मोजक्या यशस्वी वाणांच्या प्रसाराशी निगडित आहे. माझ्या मते मुंबईतील क्षयरोगाविषयी अलीकडे पुढे आलेली ही सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, आणि तिच्यावर जेवढी सार्वजनिक चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. वंशशाखांची भौगोलिक नावे वाचून कोणी परप्रांतीयांकडे किंवा परदेशांकडे बोट दाखवू नये. ही नावे जंतूच्या प्राचीन उगमाविषयी सांगतात, रुग्णाच्या गावाविषयी नाही. पूर्व आशियाई शाखेचा जंतू लागलेला माणूस मुंबईतच जन्मलेला आणि मुंबईबाहेर कधीही न गेलेला असू शकतो; उलट बाहेरून आलेल्या कित्येक कामगारांना हा रोग इथल्याच दाटीवाटीत लागतो.

हे वाण इथे रुजले त्याला इतिहास आहे. धारावीतील शंभर खासगी डॉक्टर क्षयरोगासाठी ऐंशी वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना लिहून देत असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. जवळजवळ दोन दशकांनी, २०१० मध्ये, मुंबईतील १०६ डॉक्टरांच्या अशाच पाहणीत फक्त सहा जणांची औषधयोजना बरोबर निघाली. त्यानंतर हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि २०१२ च्या सुरुवातीला देशभर खळबळ उडाली. ‘संपूर्ण औषधरोधी’ हा शब्द योग्य की अयोग्य यावर तेव्हा बराच वाद झाला. तो वाद शमला तरी ज्या परिस्थितीने ते रुग्ण घडवले ती परिस्थिती राहिलीच. त्या वर्षी क्षयरोगाची नोंदणी सक्तीची झाली, सरकारी प्रयोगशाळा वाढल्या आणि जंतूचे जनुक तपासून झटपट निदान करणारी सीबीनॅट यंत्रे आली, ही प्रगती मी कमी लेखत नाही.

परंतु या यंत्रांची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. नेहमीची सीबीनॅट चाचणी दोन तासांत क्षयाचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला रोधी आहे का, एवढे सांगते. आयसोनियाझिडविषयी ती काहीच सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीत नव्या रुग्णांपैकी ११.०६ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी २५.०९ टक्के रुग्णांत आयसोनियाझिडला रोध आढळला होता. असा रुग्ण रिफाम्पिसिनला प्रतिसाद देतो म्हणून नेहमीच्या उपचारांवर ठेवला गेला, तर पहिले दोन महिने संपल्यावर त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने दोनच औषधे काम करत असतात आणि त्यांपैकी रिफाम्पिसिनला रोध निर्माण होण्याची वाट मोकळी होते. त्याने एकही गोळी चुकवलेली नसते. पुढे त्याचे कागद ‘उपचार अयशस्वी’ या शेऱ्यासह मोठ्या रुग्णालयात जातात आणि दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो. आयसोनियाझिड आणि फ्लोरोक्विनोलोनसाठीची एलपीए चाचणी (रोधाचे जनुकीय बदल पट्टीवर दाखवणारी तपासणी) प्रत्येक रुग्णाची वेळेवर झाली आणि तिचा अहवाल औषधे सुरू करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती लगेच पडला, तर यांतील बरेच काही टळू शकते.

फ्लोरोक्विनोलोनचा प्रश्न आज आणखी निकडीचा आहे. रिफाम्पिसिनला रोध असलेल्यांसाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. कान कायमचे निकामी करणारी इंजेक्शने आणि दीड-दोन वर्षांचा उपचार ज्यांनी सोसला आहे, त्यांना ही पद्धत किती मोठा दिलासा आहे हे वेगळे सांगायला नको. परंतु तिच्यातील मॉक्सिफ्लॉक्सासिन हे फ्लोरोक्विनोलोन गटातीलच आहे. ज्या शहरात बहुऔषधरोधी रुग्णांपैकी अनेकांचा जंतू या गटाला आधीच दाद देत नाही, तिथे प्रत्यक्षात तीनच औषधांवर भिस्त राहते. हा रोध वाढण्यामागे याच गटातील गोळ्यांचा खोकल्यापासून जुलाबांपर्यंत सर्रास होणारा वापर हेही कारण आहे. क्षयरोगाची औषधे आणि लेवोफ्लॉक्सासिनसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. औषधविक्रेत्याने चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत आणि प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम आहे. त्या नोंदी तपासण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाने गांभीर्याने घ्यावे.

माझी मुख्य मागणी बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे. करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, कस्तुरबा रुग्णालयात जनुकक्रम वाचणारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि विषाणूचा कोणता प्रकार शहरात पसरत आहे हे मुंबईकरांना वेळोवेळी कळत गेले. हीच क्षमता आणि शहरातील संशोधन संस्थांचे कौशल्य वापरून रिफाम्पिसिनला रोध असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या जंतूचा जनुकक्रम वाचला जावा. संशोधन प्रकल्प संपला की थांबणारे काम म्हणून नव्हे, तर नियमित सेवा म्हणून. इंग्लंडमध्ये २०१७ पासून क्षयरोगाच्या निदानासाठी ही पद्धत नित्याची झाली आहे. तिथली रुग्णसंख्या आपल्या तुलनेत नगण्य आहे हे खरे, पण म्हणूनच आपण रोधी रुग्णांपासून सुरुवात करावी असे मी म्हणतो. जंतूंची वाढ करण्यात आठवडे जातात, ही अडचणही आता कमी होत आहे. थेट बेडक्यातूनच रोधाशी संबंधित निवडक जनुके वाचण्याच्या तंत्राची जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये शिफारस केली आहे.

या वाचनाचा उपयोग कागदोपत्री राहू नये. एकाच वाणाचे रुग्ण एखाद्या वस्तीत, इमारतीत किंवा कारखान्यात गोळा होत असतील, तर संपर्कातील माणसांचा शोध फक्त घरापुरता न ठेवता तिथवर नेता येईल. गोवंडी-मानखुर्दच्या एम पूर्व विभागातील पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीत, एकमेकींना खेटून बांधलेल्या आणि हवा-उजेड न पोहोचणाऱ्या इमारतींमध्ये क्षयरोग अधिक असल्याचे दिसले होते. तिथे रोधी वाण पसरत आहेत की नाहीत, हे जनुकक्रम सांगू शकतील, आणि मग झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दोन इमारतींमधील अंतराचा विचार आरोग्याचा प्रश्न म्हणून करावा लागेल. विभागवार निष्कर्ष जाहीर करताना कोणाही रुग्णाची ओळख उघड होता कामा नये. या रोगामुळे नोकरी आणि भाड्याचे घर गमावण्याची भीती अजून संपलेली नाही.

प्रयोगशाळेपेक्षा औषधांवर पैसा खर्च करावा, असा आक्षेप येईल. तो आक्षेप मला मान्य आहे, एवढ्याच अर्थाने की २०२४ मध्ये देशात अनेक ठिकाणी जाणवलेला क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पुन्हा कधीही होता कामा नये. मात्र चुकीच्या औषधांवर काही महिने काढलेला रुग्ण त्या काळात घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना जो जंतू देतो, त्याच्या उपचारांचा खर्च पुढे याच तिजोरीतून होतो.

बेडाक्विलिनच्या बाबतीत तर वेळ फारच थोडा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध सुमारे चाळीस वर्षांनी आलेले क्षयरोगाचे पहिले नव्या प्रकारचे औषध होते, आणि त्यालाही दाद न देणारे जंतू जगात अनेक ठिकाणी सापडू लागले आहेत. रिफाम्पिसिनचा रोध जनुकाच्या एका छोट्या भागात एकवटलेला असतो, म्हणून तो झटपट चाचणीत पकडता येतो. बेडाक्विलिनच्या रोधास कारणीभूत होणारे बदल मात्र एका संपूर्ण जनुकभर विखुरलेले असतात, त्यामुळे सध्याच्या झटपट यंत्रांना ते दिसत नाहीत. नवी उपचारपद्धती शहरात रुळत असतानाच, ती सुरू करण्यापूर्वीच्या प्रत्येक नमुन्याचा जनुकक्रम नोंदवून ठेवला, तर पुढे रोध दिसेल तेव्हा तो रुग्णात घडला की बाहेरून आला हे सांगता येईल. महापालिकेच्या आरोग्य विभागाने या कामाचा आराखडा, त्यासाठीची तरतूद आणि पहिल्या विभागवार अहवालाची तारीख येत्या २४ मार्चच्या क्षयरोग दिनापूर्वी जाहीर करावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मुंबई