देवदाराचा शेंडा जप

निफाड, १२ फेब्रुवारी

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो मिळाले. पाचही देवदार जगले आणि हिमाचलातल्या तुमच्या कोटगढचा बर्फ सोसून उभे आहेत, हे पाहून फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस की सफरचंदाच्या छाटणीला माणसं आलीच आहेत, तर त्यांच्याकडूनच देवदारही छाटून घ्यावेत का. नको, घेऊ नकोस. ती माणसं कामाला चोख आहेत, पण त्यांचा हात सफरचंदावर बसलेला आहे. देवदाराचं यंदा जे करायचं ते तू स्वतः कर. ते फार थोडं आहे.

तू द्राक्षाच्या घरात वाढलीस. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, काड्यांचे ढीग आणि नंतर ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, तरारून आलेली फूट, हे तुझ्या डोळ्यांसमोरचं आहे. कितीही कापा, वेल फुटतेच. सफरचंदही बऱ्याच अंशी तसंच, कारण दोन्हींच्या जुन्या लाकडात निजलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात. देवदाराच्या उघड्या लाकडात असे डोळे जवळपास नसतातच, म्हणून आपल्या दोन्ही घरांची सवय इथे घातक आहे.

एक फांदी हातात घेऊन टोकाकडून खोडाकडे बघत ये. टोकाच्या कोवळ्या भागावर सुया सुट्या-सुट्या, फांदीला वळसा घालत लागलेल्या दिसतील. त्यामागे, गेल्या सालच्या लाकडावर, बारीक खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर २०-३० सुयांचा झुबका. ही खुंटी म्हणजे आखूड राहिलेली फांदीच. वर्षाला ती अगदी किंचित वाढते, पण पुढचा भाग गेला तर तिची लांब फांदी होऊ शकते. आणखी मागे गेलीस की नुसतं लाकूड, एकही सुई नाही. तिथे कापलंस तर उरलेला खुंट वाळून जाईल, पुन्हा हिरवा होणार नाही. तेव्हा कात्री लावण्याआधी कापाच्या मागे हिरवा झुबका किंवा जिवंत उपफांदी आहे ना, एवढं बघत जा. नसेल तर फांदी पूर्ण काढायची किंवा तशीच राहू द्यायची.

आता शेंडा. कुंपणाजवळच्या झाडाचा शेंडा खाली वळला म्हणून तू काळजीत आहेस. तो निरोगी आहे. देवदाराचा कोवळा शेंडा मान खाली घालूनच वाढतो. लाकूड पिकलं की मागचा भाग सरळ होतो आणि नवं टोक पुन्हा झुकलेलं असतं. त्याला काठीला ताठ बांधू नकोस, आणि झाड 'भरावं' म्हणून कोणालाही शेंडा खुडू देऊ नकोस. शेंडा गेला की वरच्या दोन-तीन फांद्या एकदम उभ्या होऊ पाहतात आणि झाडाची कायमची फाटाफूट होते.

पायरीजवळच्या झाडाचं नेमकं हेच झालंय. फोटोत मला दोन शेंडे दिसतात, बहुधा मागच्या बर्फात मूळचा मोडला असावा. यात खरं काम आहे. दोघांतला कोणता खोडाच्या रेषेत आहे ते चार पावलं मागे जाऊन, दोन बाजूंनी बघ. उंच कोण यापेक्षा सरळ आणि जाड कोण हे महत्त्वाचं. मग सांध्यात बोट घालून बघ. दोन शेंड्यांमधली साल आत दुमडून चिमटली असेल तर तो सांधा कच्चा असतो. आज काही वाटत नाही, पण झाड मोठं झाल्यावर ओल्या बर्फाच्या ओझ्याने तिथूनच उभं चिरतं. ठेवायचा शेंडा ठरला की दुसरा पेन्सिलीएवढा बारीक असेल तर सांध्यापासून काढून टाक. जाड असेल तर यंदा निम्म्यावर, बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या हिरव्या उपफांदीच्या पुढे काप, म्हणजे त्याचा जोर ओसरेल. उरलेला पुढच्या वर्षी. ठेवलेला शेंडा फारच तिरका असेल तर एक बारीक बांबू खोडाला लावून त्याचा खालचा, लाकूड झालेला भाग जुन्या सुती पट्टीने सैल बांध. वाढता शेंडा मोकळाच राहू दे. तार किंवा नायलॉन वापरू नकोस, आणि पावसाळ्यात पट्टी सालीत रुतत नाही ना ते तपासत राहा.

फांदी पूर्ण काढताना कापाची जागा बघ. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडी असते. कडी खोडावर राहिली पाहिजे, काप तिच्या लगत बाहेर. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. झाड तो भाग आतून बंदिस्त करतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. ते बंदिस्त करण्याची ताकद त्या कडीत असते. मी वर्गात हे शिकवायचे तेव्हा मुलं खुंट ठेवून कापलेली आणि खोडाला घासून कापलेली अशी दोन्ही झाडं बघायला कॉलेजच्या आवारात हिंडायची. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायचा मोह होईल, पण देवदाराची राळ पुरेशी आहे. कात्री मात्र आधी स्पिरिटने पुसून घे, कारण ती सफरचंदावर फिरलेली आहे.

हे सगळं कडक थंडी ओसरल्यावर आणि नवे कोंब हलण्याआधी उरक.

तुझ्या सासूबाईंना गवत काढायला सोपं जावं म्हणून खालच्या फांद्या काढायच्या आहेत. त्यांना समजावून सांग. बुंधा जाड होतो तो या फांद्यांच्या जोरावर, आणि मुळांवर सावलीही त्यांचीच. बुंधा उघडा केलेलं कोवळं झाड उंच आणि बारीक होतं, मग वाऱ्यात डोलतं. पायवाटेवर येणारी एखादी फांदी टोकाकडून, हिरव्यात, आखूड केली तर चालेल. बाकी वाट फूटभर सरकवणं सोपं.

आतल्या सुया पिवळ्या पडून गळतायत, ते त्यांचं वय झालं म्हणून. टोकाची नवी पालवी पिवळी पडली तर मात्र मुळाशी बघायचं, आणि तिथे बहुतेक वेळा पाणी साचलेलं सापडतं. देवदाराला उतार मानवतो, दलदल नाही. एप्रिल ते जून, पाऊस लागेपर्यंत, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दे, रोज शिंपडू नकोस. आळ्यात चार बोटं जाडीचं आच्छादन कर, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून. देवदाराखालचा पाचोळा सगळ्यात उत्तम, त्यासोबत मुळांना साथ देणारी बुरशीही येते. सफरचंदाच्या छाटणीचा भुगा नको, तुमच्या भागात मुळकुजीचा त्रास आहे. सफरचंदाला टाकता ते नत्रखतही नको. त्याने शेंडा लांब, मऊ होतो आणि बर्फात वाकतो.

बर्फ साचला तर झाडूच्या दांड्याने फांद्या खालून वर हलकेच उचलायच्या. वरून झोडपायचं नाही. गोठून काच झाली असेल तर हात लावू नका, वितळू द्या. निफाडलाही पारा उतरला की तुझे बाबा घड वाचवायला बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, पण देवदाराला तसल्या उबेची गरज नाही.

पाचवं झाड मात्र मला सलतंय. ते घराच्या भिंतीपासून फार जवळ आहे आणि वरून विजेची तार गेली आहे. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत ७०० हून अधिक वर्षांच्या देवदाराची आडवी चकती ठेवली आहे. विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते तेव्हा मी तिच्यापुढून हलू शकले नव्हते. तारेखाली लावलेल्या झाडाचा शेंडा दरवर्षी कोणीतरी उडवत राहणार, आणि हिमाचलमध्ये मोठा झालेला देवदार आपल्या जागेतला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आत्ता ते कमरेएवढं आहे. कोंब फुटण्याआधी, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचल आणि वरच्या टप्प्यावर, घरापासून किमान ३० फुटांवर लाव. खोदायला अनुजला सोबत घे, गोळा गोणपाटात बांधूनच हलवा.

दोन शेंड्यांच्या झाडाचा सांधा जवळून दिसेल असे दोन फोटो पाठव, एक पूर्वेकडून, एक उत्तरेकडून. ते बघून मी फोन करते, मग कात्री लाव.

तुझी,
आई