सुहास, बसायला जागा आहे

राजापूर,
श्रावण वद्य पंचमी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. नोकरी सुटल्यापासून झोप उडाली आहे, घरात दिवसभर कुणी ना कुणी समजूत घालायला येतं आणि त्यानेच जास्त शिणायला होतं, हे वाचून फार वाईट वाटलं. इगतपुरीचं विपश्यना शिबिर करून आल्यापासून तुला ध्यानाच्या बैठकीची गोडी लागली आहे, ती अशा वेळी कामी यावी असं मलाही मनापासून वाटतं. पण किनाऱ्यावरचा बंगला घेऊन आठवडाभर एकट्याने राहायचा तुझा बेत मला पटलेला नाही.

गणपतीपुळ्यापासून गुहागरपर्यंत कुठेही जा, शनिवार उजाडला की गाड्यांची रीघ लागते. समज, एखादा आडबाजूचा बंगला मिळालाच, तरी समोर समुद्र असला की मन बाहेरच धावतं. सकाळी भरती बघ, संध्याकाळी सूर्यास्त बघ, यातच दिवस जातो. आणि मुख्य म्हणजे तिथे तुझी वास्तपुस्त घेणारं कुणी नाही. रखवालदार चावी देणार आणि निघून जाणार.

इगतपुरीच्या त्या केंद्रात, धम्मगिरीवर, तू एकटा होतास का रे? मौन होतं, फोन जमा केलेला होता, पण पहाटे ४ ची घंटा दुसरंच कुणी वाजवत होतं, ११ वाजता जेवण तयार असायचं, काही अडलं तर विचारायला आचार्य होते. तुझ्या शांततेभोवती किती माणसं राबत होती ते आठव. एकांताला अशी माणसं लागतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला मी गेलो होतो तेव्हा हेच मनात आलं. कोटजाई नदीच्या काठाने २९ लेणी आहेत. आधी बौद्ध भिक्षूंची, पुढे नाथपंथीयांची. आपल्याला वाटतं, ही माणसं जगाकडे पाठ फिरवून रानात गेली. पण दाभोळचं जुनं बंदर तिथून लांब नाही. रायगड जिल्ह्यातली कुड्याची लेणी बघ, तीही राजपुरीच्या खाडीच्या वरच कोरली आहेत. व्यापारी वाटेपासून बाजूला, तरी भिक्षेला जाऊन येता येईल इतकं जवळ, हे अंतर त्यांनी नेमकं साधलं होतं.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून परत वाच. अभ्यासाला जागा कशी असावी, ते माउलींनी किती प्रेमाने सांगितलं आहे! दाट झाडी, निर्मळ पाणी, थोडे पक्षी. साधकांचा वावर असावा, पण लोकांची वर्दळ नसावी. आणि अशा ठिकाणी एखादा आडोशाचा मठ किंवा शिवालय बघून बसावं. मला तर हे वाचताना दर वेळी आपलं कोकणच दिसतं.

पावसचे स्वामी स्वरूपानंदही गुहेत राहिले नाहीत. देसाईंच्या घरी, अनंत निवासात, भरल्या कुटुंबात जवळजवळ ४० वर्षं त्यांनी सोऽहं, म्हणजे ‘तो मीच’, ही ध्यानसाधना केली आणि १९७४ साली तिथेच देह ठेवला. पावसला भक्तनिवास आहे, दुपारी प्रसाद मिळतो. दोन दिवस बसायला उत्तम जागा. उत्सवाची गर्दी मात्र टाळायला हवी.

तुझ्यासाठी मी वेगळं बघून ठेवलं आहे. इथे राजापूरजवळ धोपेश्वरला आमच्या काकूचं घर आहे. धूतपापेश्वराचं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर. झाडीत उतरत जायचं, खाली देऊळ आणि त्याला लागून कातळावरून वाहणारी मृडानी नदी. पाऊस ओसरला तरी पाण्याचा आवाज असतोच, आणि डोळे मिटून बसल्यावर तो फार आधार देतो. काकूच्या घरात मागच्या पडवीला लागून एक खोली आहे, तिला दार वेगळं.

काकूशी बोलणं झालं आहे. सकाळी पेज नि लोणचं, दुपारी वरणभात आणि एक भाजी, पायरीवर झाकून ठेवेल. हाक मारणार नाही. जेवण झालं की ताट धुऊन पायरीवर पालथं घालायचं. ताट पालथं दिसलं की तिला कळलं, तू बरा आहेस. नाही दिसलं तर ती दार वाजवणार, आणि तेव्हा दार उघडायचं, ही तिची अट आहे.

माझीही एक अट आहे. झोप येत नसताना तासन्‌तास बसायचा हट्ट धरू नकोस. मन आधीच थकलेलं असलं की लांब बैठकांनी बेचैनी वाढते. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ तासभर बस, मधल्या वेळात सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, फिरून ये. येण्याआधी डॉक्टरांना दाखव आणि गोळ्या मनाने बंद करू नकोस. रात्री दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही तर बैठक थांबवून सरळ माझ्याकडे यायचं.

ये मात्र पितृपक्षात. आत्ता गावात भजनी सप्ताह चालू आहे, अहोरात्र टाळमृदंग. मग गणपतीला चाकरमानी येणार, घरं फुलून जाणार. ते परतले की पंधरवडाभर गाव निवांत असतो आणि सडा ‘सीतेची आसवं’ या रानफुलांनी निळा-जांभळा झालेला असतो. तिथे दगडावर बसण्याआधी काठी आपट, विषारी फुरशांचा मुलूख आहे. काळोख पडल्यावर बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. पुढे देवदिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, मग शांतता कठीण.

वहिनींना हे पत्र वाचून दाखव, म्हणजे त्यांच्या जिवाला घोर लागणार नाही. काकूकडचा फोन नंबर मी त्यांना वेगळा कळवतो. अनंत चतुर्दशीच्या आत तुझं नक्की काय ते सांग, खोली झाडून गाद्यांना ऊन दाखवायला हवं. राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, तेव्हा रिक्षा शोधत बसू नकोस, गाडीची वेळ कळव. मी न्यायला येतो.

तुझा,
श्रीधर